बॅटरी बदलण्याआधी एक रात्र थांबा

कित्येक घरांच्या पडवीत वडिलांच्या वेळची जावा किंवा येझदी अजून उभी आहे. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून ही गाडी तयार होऊ लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. गाडी दणकट, तक्रार बहुधा एकच : ‘आठ दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. नवी आणली, तीही उतरली!’

अशा वेळी तिसरी बॅटरी आणायची घाई करू नका. हौदात पाणी टिकत नसेल तर आपण काय पाहतो? हौद फुटका आहे, तोटी गळते आहे, की पंपच पाणी टाकत नाही? बॅटरीचेही तसेच आहे.

आधी हौद पाहा. सहा व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज करून आणा, दोन्ही वायरी न जोडता रात्रभर ठेवा. सकाळी मीटर ६.३ व्होल्टच्या आसपास हवा. सहाच्या बराच खाली आला, तर दोष बॅटरीचाच. तिन्ही घरांतले ॲसिड हायड्रोमीटरने तपासा. एकच घर फार हलके निघाले तर ते घर मेले असे समजा.

बॅटरी टिकली, तर आता तोटी. चावी काढा, दिवे बंद करा. सांगाड्याला जाणारी वायर बॅटरीपासून सोडवा आणि ती वायर व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये पार्किंगचा छोटा बल्ब जोडा. या जुन्या गाडीत उभ्या उभ्या वीज खाणारे काही नाही, म्हणून बल्ब पेटता कामा नये. पेटला तर गळती आहे. एकेक वायर सोडवत जा. जी सोडवल्यावर बल्ब विझेल, तिथेच चोर! हँडलच्या वळणावर, टाकीखाली आणि उंदरांनी कुरतडलेल्या जागी विशेष पाहा. रेग्युलेटरच्या डबीतला कटआउट चिकटला असेल, तर बॅटरी उलट डायनॅमोतच रिकामी होते. बारीक गळती बल्ब दाखवत नाही. त्यासाठी मिलीॲम्पियरचा मीटर हवा. तो जोडलेला असताना चावी लावू नका, किक मारू नका.

दोन्ही ठीक, तर राहिला पंप. गाडी सुरू करून थोडी रेस वाढवा. तांबडा दिवा विझला पाहिजे आणि बॅटरीवर सुमारे सात व्होल्ट दिसले पाहिजेत. नसतील, तर डायनॅमोचे कार्बन झिजले आहेत का ते पाहा.

आणखी एक सवय तपासा. चावी लावलेलीच राहिली आणि पॉइंट मिटलेले असले, तर कॉइल तापते आणि बॅटरी काही तासांत संपते. घरात लहान मुले असतील तर चावी खुंटीला टांगा.

बॅटरीजवळ विडी-काडी नको. चार्ज होताना पेटणारा वायू निघतो. पातळी कमी झाली तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचे पाणी नको. गाडी वापरात नसेल तर महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करून घ्या. उतरलेली पडून राहिली की ती कायमची जाते.

आणि हे काम उद्यावर टाकू नका. सोललेली वायर तापते, वर पेट्रोलची टाकी असते आणि गोठ्यात शेजारीच कडबा. दोष सापडेपर्यंत रात्री बॅटरीची वायर सोडवूनच ठेवा.