बाहेर जाणारी वाट आधी तपासू

२४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब आपल्या देशापुरतं बंद करायचं होतं. त्यासाठी यूट्यूबचे पत्ते आपल्याकडेच असल्याचा खोटा रूट त्यांनी जाहीर केला. तो देशाबाहेर निसटला, हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने न तपासता पुढे ढकलला आणि जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब सुमारे दोन तास दिसेना. दोष पहिल्याला देतात. आम्ही इंटरनेट पुरवठादार दुसऱ्याबद्दल बोलतोय, कारण रोज त्याच जागी आम्ही बसतो.

एप्रिल २०२१ मध्ये भारतातल्याच व्होडाफोन आयडियाच्या नेटवर्कमधून ३०,००० हून अधिक चुकीचे रूट बाहेर पडले. ती चूक असेल. स्पॅमवाले हेच ठरवून करतात. कुणाचा पडून असलेला पत्त्यांचा पट्टा काही तास आपला म्हणून जाहीर करायचा, मेलचा मारा करायचा, रूट काढून घ्यायचा. तक्रारी येतात मूळ मालकाकडे.

बाहेर जाणारं तपासायचं ही कल्पना नवी नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असलेलं पॅकेट ग्राहकाच्या दारातच अडवा, असं बीसीपी ३८ ही इंटरनेटची शिफारस मे २००० पासून सांगतेय. पण अडवण्याचा खर्च आमचा आणि फायदा परक्या नेटवर्कचा, म्हणून जो तो दुसऱ्याने सुरुवात करायची वाट बघतो. एकट्याने हे होत नाही, म्हणून हा करार.

ग्राहकाला न दिलेल्या पत्त्याचं पॅकेट आम्ही बाहेर सोडणार नाही. आपले पत्ते आरपीकेआयमध्ये, म्हणजे कुठला पत्ता कोण जाहीर करू शकतो याच्या सहीबंद नोंदीत, नोंदवू आणि त्या नोंदीशी न जुळणारा रूट नाकारू, मग तो सर्वांत मोठ्या ग्राहकाचा का असेना. (शेवटी खरा मालक दाखवून मधली वाट खोटी रचली, तर ही तपासणी फसते. म्हणून ग्राहकांच्या रूटची यादीही ठेवू.) घरगुती जोडण्यांवर मेल पाठवण्याचं पोर्ट २५ बंद राहील, स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला मागताच उघडून देऊ. असे हौशी थोडेच उरलेत, त्यांना छळू नये. स्पॅमची तक्रार माणूस वाचेल, आणि बिल वेळेवर भरतो म्हणून स्पॅमवाल्याला सूट नाही.

मेलमधला मजकूर मात्र आम्ही वाचणार नाही. २००८ चा गोंधळ सेन्सॉरशिपमधूनच झाला होता.

सभासदाकडून खोटा रूट आला तर आधी फोन, दाद दिली नाही तर त्याचे रूट घेणं बंद. म्हणून सही करताना रात्री फोन उचलणाऱ्या इंजिनिअरचा नंबर द्यावा. कस्टमर केअरचा चालणार नाही.