अमरनाथची वाट : दोन घड्याळांचा पेच

अमरनाथ यात्रा सुरू झाल्याची बातमी दरवर्षी साधारण एकाच छायाचित्रासह येते. जम्मूच्या भगवतीनगर तळावरून भल्या पहाटे बसगाड्यांचा ताफा निघालेला असतो. पुढेमागे सुरक्षा दलांची वाहने असतात आणि खिडक्यांतून बाहेर आलेले हात ‘बम बम भोले’चा गजर करीत असतात. घरी चहा पिता पिता आपण ते छायाचित्र पाहतो आणि मनाशी म्हणतो, एवढा बंदोबस्त आहे, आता काळजी कसली? मला वाटते, नेमका हाच प्रश्न जरा थांबून विचारायला हवा. हा बंदोबस्त कशाविरुद्ध आहे आणि कशाविरुद्ध नाही?

बंदोबस्ताची रीत समजून घेण्यासारखी आहे. ताफा निघण्यापूर्वी महामार्गाचा प्रत्येक टप्पा जवान पायी तपासतात, पुलांखाली आणि मोऱ्यांत सुरुंग नाहीत याची खात्री करतात. मग ठरलेल्या वेळेतच ताफा पुढे सरकतो आणि संध्याकाळ झाली की रस्त्यावरचा पहारा उठतो. २०२२ पासून प्रत्येक यात्रेकरूच्या गळ्यात रेडिओ लहरींवर चालणारे ओळखपत्र असते, त्यावरून तो कोणत्या टप्प्यावर आहे ते नियंत्रण कक्षाला कळते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जणांची हत्या झाली. त्यांत आपल्या डोंबिवली, पनवेल आणि पुण्याचे सहा जण होते. त्यानंतरच्या यात्रेसाठी निमलष्करी दलांच्या सुमारे ५८० कंपन्या आणल्या गेल्या. दोन्ही मार्गांवरचे आकाश उड्डाणांसाठी बंद झाले आणि हेलिकॉप्टरची सेवाही मिळाली नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २००० च्या ऑगस्टमध्ये पहलगामच्या तळावर तीसच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांत यात्रेकरूंबरोबर स्थानिक दुकानदार आणि हमालही होते. २००१ मध्ये शेषनागला आणि २००२ मध्ये नुनवानला पुन्हा हल्ले झाले. १० जुलै २०१७ रोजी अनंतनाग जिल्ह्यात गुजरात आणि महाराष्ट्रातल्या भाविकांच्या बसवर गोळीबार झाला, आठ जण गेले. ती बस ताफ्याबाहेर होती आणि रस्त्यावरचा पहारा उठल्यानंतर धावत होती. बंदुकीपासून वाचायचे तर वेळ पाळा, एकत्र राहा आणि लवकर पुढे सरका, हा धडा तिथून पक्का झाला.

पण या यात्रेतली सर्वांत मोठी जीवितहानी बंदुकीने केलेली नाही. १९९६ साली दहशतवाद्यांच्या धमक्यांचे सावट थोडे विरळ झाले होते, त्यामुळे गर्दी वाढली. ऑगस्टच्या अखेरीस पाऊस आणि बर्फाचे वादळ आले तेव्हा वाटेवर लाखाच्या घरात माणसे होती. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, डोक्यावर छप्पर नाही, अशा अवस्थेत दोनशे चाळीसहून अधिक जण थंडीने आणि थकव्याने गेले. यात्रेवर झालेल्या साऱ्या हल्ल्यांतले बळी एकत्र केले तरी हा आकडा भरत नाही. चौकशीसाठी नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने संख्येवर मर्यादा, आरोग्याची तपासणी आणि वाटेवर निवारे सुचवले. २००० साली कायदा होऊन श्राइन बोर्ड स्थापन झाले. पुढे काय घडले? २०११ आणि २०१२ मध्ये यात्रेकरूंची संख्या दरवर्षी सहा लाखांवर गेली आणि मुख्यतः प्रकृती बिघडून शंभराच्या आसपास माणसे दगावली. अखेर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली.

इथेच खरा पेच आहे. या वाटेवर दोन घड्याळे चालतात. बंदुकीचे घड्याळ म्हणते, घाई करा, घोळक्याने चला, अंधारापूर्वी पोहोचा. डोंगराचे घड्याळ म्हणते, सावकाश चढा, विखुरलेले राहा, आभाळ भरून आले तर जिथे आहात तिथेच थांबा. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. पहलगामकडून जाणारी जुनी वाट शेषनाग, पंचतरणी असे मुक्काम घेत जाते, त्यामुळे विरळ हवेची शरीराला थोडीफार सवय होते. बालटालची वाट जेमतेम १४ किलोमीटरची, एका दिवसात जाऊन येता येते. सुट्टी मोजून आलेल्या शहरी माणसाला तीच बरी वाटते. बंदोबस्ताच्या दृष्टीनेही कमी दिवस म्हणजे कमी धोका. फुप्फुसांचा हिशोब मात्र वेगळा असतो.

गर्दी एकत्र ठेवणे पहाऱ्याला सोयीचे, पण ढगफुटी झाली की तीच गर्दी सापळ्यात सापडते. ८ जुलै २०२२ च्या संध्याकाळी गुहेजवळ अचानक पाण्याचा लोंढा आला आणि तंबू, लंगर वाहून नेऊन गेला. किमान पंधरा जण गेले. २०२५ ची यात्रा ९ ऑगस्टपर्यंत चालायची होती, पण पावसाने वाटा खचल्यामुळे ती ३ ऑगस्टलाच थांबवण्यात आली. अनेक भाविक हळहळले. त्यानंतर अकराच दिवसांनी किश्तवाडमध्ये मचैल मातेच्या यात्रेत चोसिती गावी लोंढा आला आणि साठहून अधिक माणसे गेली. २६ ऑगस्टला वैष्णोदेवीच्या वाटेवर अर्धकुवारीजवळ दरड कोसळून तीसहून अधिक भाविक दगावले. या दोन्ही ठिकाणी कोणी गोळी झाडली नव्हती. यात्रा बंद करण्याचा तो कडू निर्णय किती मोलाचा असतो, हे यावरून कळावे.

सुधारणा झालेल्या नाहीत असे नाही. १३ ते ७० ही वयाची अट आहे, आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे. वाटांची देखभाल सीमा रस्ते संघटनेकडे आली, तळांवर शंभर खाटांची रुग्णालये उभी राहिली. पण प्रमाणपत्र शेवटी माणसेच देतात आणि माणसेच घेतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कौतुकाने सांगितले, ‘‘डॉक्टर ओळखीचे निघाले, दोन मिनिटांत सही!’’ गृहस्थ साठीच्या पुढचे आणि रक्तदाबाची गोळी रोज चालू. ते सुखरूप परतले, पेढे वाटले, आनंद आहे. पण ती सही त्यांच्या रक्षणासाठी मागितलेली होती, एखादा अडथळा पार केल्यासारखी ती मिळवायची नव्हती, हे घरातल्या कोणीच त्यांना सांगितले नाही.

आपण महाराष्ट्राने तरी हे विसरू नये. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक गेले. तिथे ना सीमा होती, ना दहशतवादी. अरुंद चढ होता, निसरड्या पायऱ्या होत्या आणि आता पुरे, मागे फिरा, असे वेळेत सांगणारे कोणी नव्हते.

आणखी एका बंदोबस्ताकडे आपले लक्ष जात नाही. घोडेवाले, पालखीवाले, पिट्ठू, तंबूवाले हे बहुतेक काश्मिरी मुसलमान. कोणत्या वळणावर दगड सुटतात आणि कोणता ओढा दुपारनंतर फुगतो, हे त्यांना पाठ असते. २०२५ मध्ये बैसरनमध्ये पर्यटकांबरोबर एक स्थानिक घोडेवालाही मारला गेला. यात्रा थांबली की सर्वांत आधी त्यांची चूल थंडावते, त्यामुळे संख्या कमी करण्याची किंमत त्यांनाही मोजावी लागते. ती भरून देण्याची सोय नियोजनातच असली पाहिजे, नाहीतर थांबा म्हणणाऱ्याच्या बाजूने बोलायला कोणी उरणार नाही.

जवानांची संख्या वाढवणे सरकारला तुलनेने सोपे जाते, त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. यात्रेकरूंची संख्या आवरणे अवघड, कारण त्यात श्रद्धा दुखावल्याचा आरोप होतो आणि किती लाखांनी दर्शन घेतले, हाच यशाचा आकडा मानला जातो. हा मापदंड आपणच बदलू शकतो. किती जण पोहोचले यापेक्षा किती जण धडधाकट घरी परतले, आणि आभाळ फिरल्यावर किती जणांना वेळेत मागे वळवले, हे विचारू या. घरातले कोणी या वर्षी किंवा पुढच्या वर्षी निघणार असेल, तर तयारीच्या यादीत गरम कपड्यांबरोबर दोन जादा दिवसही लिहावेत. परतीच्या तिकिटाची घाई नसलेला माणूस तळावर थांबायला लवकर तयार होतो.