शाळेची कचेरी होतेय, पण अंदाजपत्रकात आहे काय?

आपल्या जुन्या शाळेच्या इमारतीत जिल्ह्याची काही कार्यालयं येणार, हे एव्हाना बहुतेकांना कळलंय. मी त्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलो. तरी माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. पोरं नव्या इमारतीत गेली, कौलं गळतायत, रात्री आवारात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. वास्तू वापरात राहिली तरच टिकते.

माझा प्रश्न पैशाचा आहे. मागच्या आठवड्यात अंदाजपत्रक बघायला मिळालं. रंगरंगोटी, फरशी, फॉल्स सीलिंग, काचेची पार्टिशनं, साहेबांच्या दालनाचं फर्निचर, एसी. म्हणजे उद्घाटनाच्या फोटोत दिसेल ते सगळं! स्ट्रक्चरल ऑडिट शोधलं, सापडलं नाही.

आता शाळा आणि कचेरीत फरक काय ते बघा. वर्गात पोरं बसायची, कचेरीत दप्तर बसणार. आयएस ८७५ या भारतीय मानकात वर्गखोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरतात, फायली साठवायच्या खोलीत ५०० किलो. आपल्या शाळेचा वरचा मजला लाकडी तुळयांवर आहे आणि लोखंडी कपाटांची रांग लागणार आहे नेमकी तिथेच. तुळया कोणी ठोकून तरी पाहिल्यात का?

वायरिंगचंही तेच. वर्गात दोन पंखे आणि दोन दिवे असायचे. आता संगणक, झेरॉक्स, एसी चालणार, आणि शेजारी कागदाचे गठ्ठे. पण नव्या वायरिंगची तरतूद फक्त साहेबांच्या दालनापुरती.

आणि समाजकल्याणचं कार्यालय म्हणे वरच्या मजल्यावर! दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा. ज्यांच्यासाठी ते कार्यालय, त्यांनी तो उंच पायऱ्यांचा जिना चढायचा कसा? रॅम्प नाही, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही.

ही कामं टळत नसतात. भिंत फोडली की निघतातच. मग वाढीव खर्च, सुधारित प्रशासकीय मान्यता, फाइल पुन्हा वर, काम बंद, आणि पावसाळ्यात उघडं छप्पर. वर प्रत्येक वाढीव रुपयावर १८ टक्के जीएसटी. शेवटी पैसे आपलेच.

विचारलं तर उत्तर मिळतं, "तात्पुरतं आहे हो, नवीन संकुल होणारच आहे." पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, तिथलं नवं मुख्यालय सुरू व्हायला २०२१ उजाडलं. सात वर्षं! आपल्याकडचं तात्पुरतं हे असं असतं.

मागणी साधी आहे. आधी ऑडिट करा. दप्तर आणि समाजकल्याण तळमजल्यावर आणा. छप्पर, वायरिंग, स्वच्छतागृह, रॅम्प यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलं तर खुशाल एसी लावा. दरवर्षीच्या देखभालीची रक्कम आजच लिहा. आणि निविदा काढण्याआधी अख्खं अंदाजपत्रक शाळेच्या फाटकावर लावा. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती कोणी न मागताही द्यायची असते.

येत्या सोमवारी या मागणीचा अर्ज देतोय. सही करायची असेल त्यांनी सकाळी ११ वाजता फाटकापाशी या. आणि माझं काही चुकत असेल तर खाली लिहा, विशेषतः बांधकामातल्या मंडळींनी.