माघारीचे दान

लढाईतून परतण्याला मराठी भाषेने फारसा मान दिलेला नाही. पळ काढणे, पाठ दाखवणे, काढता पाय घेणे, धूम ठोकणे. यांतल्या एकात तरी कौतुक आहे का, पाहा! त्यांतल्या त्यांत ‘पोबारा’ मजेदार. तो मूळचा सोंगट्यांच्या पटावरचा, फाशांच्या दानाचा शब्द. निसटणे हे दानावर अवलंबून असते, एवढे तरी आपल्या पूर्वजांनी ओळखले होते म्हणायचे!

हे सुचायला कारण माझा भाचा. यंदाच्या पावसाळ्यात आम्ही सहकुटुंब जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरला गेलो होतो. नाणेघाट पाहावा, जीवधन चढावा, असा बेत. पण धुके असे दाटले की जीवधन कुठल्या बाजूला आहे तेही कळेना. मग पोरांनी ओसरीवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव मांडला. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे, आणि अडल्या वेळी २० बाजूंच्या फाशाने निकाल द्यायचा.

भाच्याचा वीर शत्रूच्या गराड्यात सापडला. “मी हळूच निसटतो आणि लपतो,” तो म्हणाला.

“दोन्ही एका पाळीत नाही जमायचं,” माझी मुलगी म्हणाली.

नियम असा, की एका पाळीला मुख्य कृती एकच. वार चुकवत मागे सरणे ही एक कृती, लपणे ही दुसरी. नुसतीच पाठ फिरवली तर शेजारचा शत्रू जाता जाता एक वार करून घेतो. शिवाय जो तुम्हांला ढळढळीत पाहतो आहे, त्याच्यापासून लपता येत नाही. मध्ये भिंत हवी, झाड हवे, अंधार हवा. भामट्याच्या पात्राला मात्र, थोडा अनुभव गाठीशी आल्यावर, दोन्ही गोष्टी एका पाळीत साधतात.

“मामा, हा अन्याय नाही का?” भाच्याने विचारले.

मला तो मुळीच अन्याय वाटला नाही. याच जुन्नरवर १६५७ साली शिवाजी महाराजांनी रात्री छापा घातला. दोरांच्या शिड्यांवरून माणसे तटावर चढली, आणि ३ लाख होन व २०० घोडे हाती लागले. पण चोरपावलांनी शिरताना शत्रू झोपलेला असतो. निघताना तो जागा झालेला असतो, आणि खरी परीक्षा तिथे असते.

पन्हाळ्याची गोष्ट आठवा. जुलै १६६०. सिद्दी जौहरचा वेढा, पावसाची रात्र. अंधाराने आडोसा दिला. महाराजांच्या वेषात पालखीत बसून शिवा काशीदने शत्रूची नजर दुसरीकडे वळवली, असे परंपरा सांगते. आणि पाठीवरचे वार घोडखिंडीत बाजीप्रभूंनी झेलले, तेव्हा कुठे महाराज विशाळगडी पोचले. एका माणसाच्या एका पाळीत न मावणारे काम अनेकांनी वाटून घेतले. त्यांतले शिवा काशीद आणि बाजीप्रभू परत आले नाहीत.

अशा खिंडी घरोघरी असतात. माझे वडील शिकायला पुण्याला निघाले, त्या सकाळी सावकार दारात उभा होता. धाकट्याच्या शिक्षणावर पैसा चालला आहे हे त्याला कळते, तर ती ट्रंकही त्याने उचलून नेली असती. थोरल्या काकांनी त्याला ओसरीवर बसवले, चहा दिला, यंदाच्या भाताची रडकथा चांगली तासभर ऐकवली. तेवढ्यात वडील मागच्या दाराने निघून एस.टी.त बसले. पुढची बारा वर्षे ते कर्ज काकांनी एकट्याने फेडले.

वडिलांचे पदवीचे प्रमाणपत्र आमच्या दिवाणखान्यात काचेत आहे. काकांनी चौथीतच शाळा सोडली होती.