इकडे म्हणजे कुठे?
परवा भोरच्या एसटी स्टँडवर तीन पोरं मोबाइलवर बीजीएमआय हा लढाईचा खेळ खेळत होती, चौथा भिडू वेल्ह्यात घरी. एक जण माइकमध्ये ओरडला, ‘‘अरे इकडे, इकडे आहे!’’ ‘‘इकडे म्हणजे कुठे?’’ असं विचारेपर्यंत दोघं गारद. चौघांची तोंडं चार दिशांना. एकाचं उजवं ते दुसऱ्याचं डावं. म्हणून तर स्क्रीनच्या वरच्या कडेला होकायंत्राची पट्टी असते: दक्षिण म्हणजे 180, तोंड कुणाचं कुठेही असो. वेल्ह्याचा भिडू तेच वापरत होता, ‘‘एकशे ऐंशी, लाल छपराआड, दोघं.’’ आणि गप्प. दिशा, खूण, संख्या, मग शांतता. कारण शत्रूची पावलंही त्याच कानांनी ऐकायची असतात. आपल्याकडची जुनी माणसं वाट सांगताना डावं-उजवं करत बसत नाहीत, ‘तोरण्याच्या अंगानं जा’ म्हणतात. डोंगर काही जागा सोडत नाही. माझं मत पक्कं आहे: मोठ्यानं ओरडणाऱ्याला नव्हे, नेमकं बोलणाऱ्याला कॅप्टन करा. आणि पोरांनो, ही सवय खेळापुरती ठेवू नका. राजगडावर धुक्यात वाट चुकलात, तर फोनवर ‘इथेच आहोत’ म्हणू नका. संजीवनी माची की सुवेळा, ते आधी सांगा.