पदराची गाठ आणि परदेशातली बस



गेल्या आठवड्यात महालातल्या एका भगिनीचे पत्र आले. लेक लंडनला असते, तिला दिवस गेलेत, म्हणून बाळंतपणाला पाच महिने जायचे आहे. त्या लिहितात, "ताई, डिंक-मेथीपासून बाळाच्या लंगोटांपर्यंत सगळी तयारी झाली. पण माझी जाऊ मागे जाऊन आली, ती म्हणते तिकडे बसमध्ये पैसेच घेत नाहीत. मग मी काय पाच महिने जावयाच्या तोंडाकडे पाहत घरात बसू?"

प्रश्न छोटा दिसतो, पण छोटा नाही हो! लेकीकडे गेलेल्या किती तरी जणी केवळ तिकिटाच्या धास्तीने खिडकीशी बसून दिवस काढतात. भाजी आणायची तरी जावई कचेरीतून येण्याची वाट. म्हणून आज त्यावरच बोलू या.

जाऊबाई म्हणतात ते खरे आहे. लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून नोटा-नाणी चालत नाहीत. कंडक्टर नाही, 'सुटे द्या' ही हाकही नाही. चढताना ड्रायव्हरजवळ एक पिवळे वर्तुळ असते, त्यावर कार्ड टेकवायचे, की भाडे कापले गेले. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचे. भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा. बाहेर पडताना विसरलात, तर जास्तीत जास्त भाडे कापतात.

यात घाबरण्यासारखे काही नाही. आपल्या नागपुरात मार्च २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली, तिच्या महाकार्डाची रीत हीच. जाण्यापूर्वी दोन-चार वेळा सीताबर्डी स्थानकावरून कार्डाने ये-जा करा. हाताला सवय होते आणि मनातली भीडही मोडते.

आता कार्ड कोणते घ्यावे? दोन मार्ग आहेत.

पहिला, तिथले ऑयस्टर कार्ड. हे २००३ पासून आहे. स्थानकावर विकत घ्यायचे आणि त्यात पैसे भरायचे. कार्डाची किंमत परत मिळत नाही, पण उरलेली शिल्लक परत मागता येते. ज्यांना बँकेच्या कार्डाची धास्ती वाटते त्यांना हे बरे, कारण भरले तेवढेच जातील.

दुसरा, आपलेच बँकेचे कार्ड. त्यावर चार वाकड्या रेघांची खूण हवी. पण इथे पुष्कळ जणी फसतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवे कार्ड परदेशी वापरासाठी आणि नुसते टेकवून पैसे देण्यासाठी बंदच असते. या दोन्ही सोयी निघण्यापूर्वी बँकेत जाऊन सुरू करून घ्या. परदेशी चलनाच्या व्यवहारावर बँक किती आकार लावते, तेही त्याच वेळी विचारा.

आणखी काही गोष्टी गाठीशी बांधा :

१. प्रत्येकीचे कार्ड वेगळे. जावयाच्या एकाच कार्डावर दोघांचे भाडे भरता येत नाही.

२. ज्या कार्डाने आत गेलात, त्यानेच बाहेर पडा. पर्समध्ये दोन कार्डे असतील, तर हवे ते बाहेर काढून टेकवा.

३. बसचे भाडे २०२३ साली १ पौंड ७५ पेन्स झाले. निघताना चालू दर लेकीला विचारून घ्या. पहिल्या टेकवण्यापासून तासाभरात दुसरी बस धरली, तर त्याच कार्डावर वेगळे भाडे पडत नाही. दिवसाच्या भाड्यालाही मर्यादा आहे, त्यापुढे पैसे कापत नाहीत.

४. आपल्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, पंचाहत्तरीपुढे तर २०२२ पासून फुकटच. तिकडे ती आशा नको. साठीपुढची सवलत लंडनच्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही.

लंडनबाहेर रीत बदलते, हेही सांगायला हवे. माझी धरमपेठेतली एक मैत्रीण मुलाकडे जर्मनीला गेली होती. तिथे स्थानकावर फाटकच नाही, कोणीही आत जावे. हिने यंत्रातून तिकीट घेतले आणि एसटीचे जपावे तसे पर्सच्या आतल्या कप्प्यात घडी करून ठेवले. गाडीत साध्या कपड्यातला तपासनीस आला. तिकीट खरे, पण त्यावर वेळेचा शिक्का नाही! गाडीत चढण्यापूर्वी तिथल्या छोट्या पेटीत ते घालून छाप उमटवायचा असतो, हे हिला कोण सांगणार? ६० युरो दंड झाला.

"पैसे गेले त्याचं काही नाही गं," ती मला म्हणाली, "पण डब्यातली सगळी माणसं पाहून राहिली होती. बाप्पा, जन्मात कधी विनातिकीट बसले नाही मी!" दोन दिवस तिने मुलाला सांगितलेही नाही. त्यानंतर महिनाभर एकटी बाहेर पडली नाही.

म्हणून कागदी तिकीट हातात आले, की पहिला प्रश्न हा विचारायचा : "यावर शिक्का मारायचा का?" इटलीतही हीच काळजी घ्यावी लागते. पॅरिसच्या भुयारी रेल्वेत बाहेर पडेपर्यंत तिकीट टाकू नका. आणि दंड झालाच, तर तो चोरीचा डाग नव्हे, चूक आहे. ओळखपत्र पाहा, पावती घ्या आणि घरी त्याच दिवशी सांगून टाका. लंडनमध्ये २०२४ पासून दंड १०० पौंड आहे, पण २१ दिवसांत भरला तर निम्मा होतो. लपवून ठेवले तर ती सूट हातची जायची!

महालातल्या भगिनींना एवढेच सांगणे. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात लेकीकडे पैसे मागू नका, एक दुपार मागा. तिला बरोबर घेऊन दुकानापर्यंत बसने जा. कार्ड मात्र तुम्ही टेकवा, तिने नुसते पाहावे. दुसऱ्या खेपेला एकट्या जा. घरचा पत्ता, फोन आणि बसचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून कार्डाजवळ ठेवा. कार्डात भरायचे पैसे शक्यतो इथूनच आपल्या बचतीतले न्या. लेक-जावई भरतील हो, प्रेमाने भरतील. पण दर वेळी मागावे लागले, की आपोआप बाहेर जाणे कमी होते.

आपल्या आज्या पदराच्या गाठीला चार पैसे बांधून ठेवायच्या. देवळात जायला, माहेरी जायला कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून. ते कार्ड म्हणजे तीच गाठ समजा. बाळाला भेटायला निघाला आहात, सुखरूप जा. आणि मन लागेनासे झाले, तर खिडकीशी बसू नका. कार्ड घ्या आणि समोरून येणाऱ्या बसला हात करा!