एचआर साहेबांचा पगार आणि रांगेबाहेरची माणसं

कुरवंड्यातून, लोणावळ्यातून आपली पोरं सकाळची पुणे लोकल पकडून पिंपरी-चिंचवडच्या मॉलमध्ये कामाला जातात. घरी सांगतात, "कंपनीत लागलो." पगाराची स्लिप बघितली तर तिच्यावर बऱ्याचदा ठेकेदाराचं नाव असतं. साहेब लोकांच्या पगाराचं गणित इथूनच समजून घ्यावं लागतं.

कंपनी कायदा 2013 चं कलम 197 सांगतं की शेअर बाजारातल्या कंपनीने प्रत्येक संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे हे जाहीर करावं. मधला म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर बरोबर मध्ये येणारा. ऐकायला छान. पण ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा माणूस या रांगेत उभाच नसतो. 2002 मध्ये पवईतून सुरू झालेली आणि 2017 ला शेअर बाजारात आलेली डीमार्ट घ्या. तिच्याच वार्षिक अहवालात कंत्राटी माणसं कायम कर्मचाऱ्यांच्या कितीतरी पट दिसतात. यात बेकायदा काही नाही, धंद्याची रीतच ती! पण सर्वात कमी पगाराची माणसं वगळली की मधला माणूस वर सरकतो आणि वरचा पगार तेवढा फुगलेला दिसत नाही.

किती जागा कायम आणि किती ठेक्यावर, हे ठरवण्यात एचआर प्रमुखाचा मोठा हात असतो. मजुरीचा खर्च दाबून धरणं ही त्याची कामगिरी समजली जाते. तो स्वतः मात्र संचालक नसेल तर ही 'किती पट'ची अट त्याला लागूच नाही. तो पगारात पहिल्या दहांत असेल किंवा वर्षाला 1 कोटी 2 लाखांच्या वर घेत असेल, तरच त्याचं नाव एका वेगळ्या तक्त्यात येतं.

यात जात कुठे आली, असं आपलेच काही मित्र विचारतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये दाखवून दिलं की पात्रता सारखी असूनही दलित आडनावाच्या अर्जाला खाजगी कंपन्यांकडून कमी बोलावणी येतात. हे अर्ज कोणत्या टेबलावर जातात? 2012 च्या एका अभ्यासात 1000 मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांत अनुसूचित जाती-जमातींचे लोक जेमतेम 3.5 टक्के निघाले. सेबी कंपन्यांकडून स्त्री-पुरुष आणि अपंग कर्मचाऱ्यांचे आकडे मागते, जातीचे मागत नाही.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी 1946 मध्ये किमान वेतनाचं विधेयक मांडलं. खाजगी क्षेत्रात आरक्षण मागताना आपणही आणखी दोन गोष्टी मागायला हव्यात: ठेक्यावरचा कामगार त्या रांगेत मोजा, आणि प्रत्येक पगारपातळीवरची जात जाहीर करा. तोपर्यंत एक काम करता येईल. तो वेगळा तक्ता बऱ्याच कंपन्या अहवालासोबत पाठवत नाहीत, पण भागधारकाने कंपनी सचिवाला लिहून मागितला तर द्यावा लागतो. भागधारक व्हायला एक शेअर पुरतो.